अर्धं गाऱ्हाणं

भोईवाड्यातल्या त्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर शेवंतीची खानावळ होती. खानावळ म्हणजे पाटी नव्हती की टेबलं नव्हती. दहा बाय बाराची एक खोली, एका कोपऱ्यात मोरी, दुसऱ्यात स्टोव्ह, आणि भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या अकरा ताटल्या. जेवायला येणारे सगळे गाववाले, कणकवलीच्या पुढच्या एकाच गावचे. लालबागला गावकीची खोली होती, तिथे ते झोपायचे आणि जेवायला शेवंतीकडे यायचे. गिरण्या चालू होत्या तेव्हा कुणी पहिल्या पाळीचा, कुणी दुसऱ्या, कुणी रातपाळीचा. तिघे-चौघे येत, जेवून जात, आणि पगार झाला की महिन्याचे पैसे मुकाट्याने तिच्या डब्याखाली सरकवून जात. मागावे लागत नसत.

आता संपाला सहावा महिना लागला होता. तिघेजण गावी निघून गेले, आठ उरले. पाळ्याच नाहीत म्हटल्यावर आठही जण बाराला एकदमच येत आणि गुडघ्याला गुडघा लावून बसत. फेब्रुवारीपासून कुणी पैसे दिले नव्हते. शेवंतीने मागितलेही नव्हते. गाववाल्याला ताटावरून उठवायचं नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. भाकरी थापता येते तसं ते येत होतं.

वाण्याकडे उधारी आणायला ती तुळसाला पाठवायची. तुळसा तिची एकुलती एक, नऊ वर्षांची, चौथीत, सकाळच्या शाळेत. चाळीतल्या बहुतेक घरांची आता हीच रीत झाली होती. मोठ्या माणसाला वाणी सरळ नाही म्हणतो, पोराला नाही म्हणताना जरा घुटमळतो. त्यामुळे अकराच्या सुमाराला दुकानाच्या एका बाजूला पोरांची रांग दिसे, प्रत्येकाच्या हातात घडी केलेली पिशवी. रोखीचं गिऱ्हाईक संपेपर्यंत ती तशीच उभी राहत. पावसाची झड आली की फळीखाली सरकत, झड गेली की पुन्हा बाहेर येत.

त्या दिवशी तुळसा परत आली तेव्हा पावणेबारा झाले होते. पिशवीची घडी तशीच होती.

"काय गो, रिकामीच इलंस?"

"शेठ म्हणाले, आईला पाठव."

"आणि तू काय म्हटलंस?"

"काही नाही. मी परत उभी राहिले. मग ते म्हणाले, ऐकलं नाहीस का."

"थय इतको वेळ उभी रवलंस आणि तोंड नाय उघडलंस? आता माणसा येतली, त्यांका काय वाढू? तुझा तोंड वाढू?"

धपाटा पाठीत बसला तेव्हा तुळसा अजून चपला काढत होती. ती पुढे झुकली, भिंतीला हात टेकला, आणि दुसरा धपाटा येईपर्यंत तशीच थांबली. दुसरा आला. मग तिने चपला काढून जागेवर ठेवल्या.

हे शेवंतीच्या नंतर लक्षात आलं, शेजारणीकडून वाटीभर डाळ मागून आणताना. पोर दुसऱ्याची वाट बघत थांबली होती. म्हणजे तिला ठाऊक होतं की एकावर भागत नाही. तुळसा जन्मल्यापासून गेल्या शिमग्यापर्यंत शेवंतीने तिला दोनदाच मारलं होतं, आणि दोन्ही वेळा कशासाठी ते तिला नीट आठवत होतं. आता कालचं कारणही आठवत नव्हतं.

नवरा, कुशाबा, बाहेर गॅलरीत कठड्याला टेकून उभा होता. बावीस वर्षं तो गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर होता. एकेका विणकराकडे चार-चार साचे, दिवसभर तो खडखडाट. त्यात त्याचे कान गेले. समोरून बोललं तर ओठांवरून त्याला कळे. पाठमोरा असला की त्याला काही ऐकू येत नाही, असं सगळे धरून चालत. तोही.

*

पुढच्या आठवड्यात पिठाचा डबा खरवडून अकरा भाकऱ्यांचं पीठ निघालं. आठ माणसं आणि घरचे तिघे, एकाला एक. शेवंतीने पहिल्या चार भाजून टोपलीत टाकल्या, पाचवी तव्यावर घातली आणि मागे वळून पाहिलं तर टोपलीत साडेतीन होत्या.

तुळसा मोरीच्या उंबऱ्यावर बसून खात होती. शाळेतून येऊन तिने दप्तरही उतरवलं नव्हतं.

"माणसा जेवल्याशिवाय हात लावलंस?"

"माझ्याच वाटणीची आहे. अर्धीच घेतली. अर्धी नंतर…"

शेवंतीच्या हातात उलथणं होतं. तव्यावरून नुकतंच उचललेलं. ती पोरीपर्यंत कधी गेली, तिला कळलं नाही. एक चरचर ऐकू आली आणि तुळसाचा आवाज आला, अगदी बारीक, मांजराच्या पिलासारखा. मनगटाच्या वर, हाताच्या आतल्या बाजूला, चार बोटं लांब लाल पट्टा उठला. तव्यावरची भाकरी जळायला लागली.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

"वयनी, आज काय, मटण का?" जयवंत दारातूनच ओरडला. तो सगळ्यांत तरुण, बदली कामगार. गिरण्या चालू असतानाही त्याला महिन्यात दहाच दिवस काम मिळे, म्हणून संपाचा त्याला सगळ्यांत कमी धक्का बसला होता. "वास तर जळक्याचा येतोय. जळलं तरी चालेल, आपण मसाला समजू."

माणसं बसली. शेवंतीने वाढलं. गुणाजीने पाणी मागितलं. गुणाजी गावकीचा खजिनदार, पंचावन्नच्या पुढचा, गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. तुळसा तांब्या घेऊन आली आणि डाव्या हाताने ओतू लागली. ती उजव्या हाताची होती. गावकीतल्या अर्ध्या माणसांची घरची पत्रं तिनेच लिहिलेली, त्या हाताने. गुणाजीने तिचा उजवा हात धरला, उलटा केला, पाहिला आणि सोडून दिला.

सगळ्यांनी ताटात बघितलं. जयवंतनेही. गुणाजीने अर्धी भाकरी खाल्ली, अर्धी उचलून परत टोपलीत ठेवली, आणि हात धुवायला उठला. खानावळीत वाढलेलं अन्न कुणी असं परत ठेवत नसतं.

दुसऱ्या दिवशी कुणीच जेवायला आलं नाही.

शेवंतीने भात केला होता. साडेबारा झाले, एक वाजला. तिने कुशाबाला लालबागला पाठवलं. तो तासाने परत आला आणि दारातच चप्पल झटकत मोठ्याने म्हणाला, "येणार नाहीत. तुझ्यावर भार नको म्हणतात. चणे-पाव खाऊन राहतायत."

"माझा अन्न नको त्यांका?"

त्याने ओठ पाहिले. "तसं नाही म्हणाले."

"तसाच म्हणाले."

त्यांना वाटलं, आठ तोंडं कमी झाली म्हणजे पोरीच्या वाट्याला भाकरी येईल. भल्या मनाने केलं. पण घरात उलटंच झालं. वाण्याने आठ माणसांच्या खानावळीकडे बघून जे थोडंफार दिलं होतं तेही बंद केलं. खानावळच नाही तर फेडणार कशातून? आणि बाराला माणसं यायची, त्यांच्यासमोर पोरीला हात लावता येत नसे, हा शेवंतीलाच एक आडोसा होता. आता दिवसाला मध्ये कुठे थांबाच नव्हता. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत ती, पोर आणि रिकामी टोपली. एकदा तुळसाने "आई, बारा वाजले का?" एवढंच विचारलं आणि शेवंतीला आपला हात वर गेलेला दिसला. ती मटकन खाली बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. मुंग्या येईपर्यंत तशीच बसून राहिली. तुळसा भिंतीला पाठ लावून तिच्या मांड्यांकडे बघत होती.

*

मंजुळा पलीकडच्या खोलीतली. गिरगावात चार घरची धुणीभांडी करायची. ती नळावर म्हणाली, "एक बाई आहेत, चांगल्या घरच्या. पोर पाहिजे त्यांना, राहायला. दोन वेळचं जेवण, कपडा, वर चाळीस रुपये."

"आधी कुणी होती का?"

"होती. पळाली."

"कशाला पळाली?"

"पोरी पळतात." मंजुळाने हंडा नळाखाली सरकवला. "काय बघतेस? मारत असतील जरा. तुझ्याकडे नाही खात ती मार? भिंत पातळ आहे बाई आपली. तिथं निदान जेवून खाईल."

शेवंतीला राग आला नाही, याचीच तिला भीती वाटली. ती फक्त एवढंच म्हणाली, "बघतंय." मंजुळाने ते होय म्हणून घेतलं. येत्या सोमवारी सकाळी नेते म्हणाली.

हंडा घेऊन जिना चढताना शेवंती मनात हिशेब मांडत होती. परक्या बाईला पोरीचा एवढा राग कशाला येईल? एवढा राग आपल्याच माणसाचा येतो. लांब असली तर माझ्या हातून तरी वाचेल. मग वाटे, आणि ती बाई? तिच्याही हातात उलथणं असेलच की.

तुळसाला सगळं कळलं होतं. भिंत पातळच होती. तिने संध्याकाळी विचारलं, "तिथं जवळ शाळा आहे का?"

"असात."

"पाचवीपर्यंत, का सातवीपर्यंत?"

शेवंतीने कंदिलाची काच पुसायला घेतली, आणि पुसून झाल्यावर पुन्हा पुसली.

*

गुरुवारी गुणाजी आला, एकटाच. दारात छत्री उघडी ठेवली आणि आत येऊन भिंतीला टेकून बसला. कुशाबा गॅलरीत होता. तुळसा कोपऱ्यात पाढे लिहीत होती. शेवंतीने त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि उभीच राहिली. चहाला साखर नव्हती.

"शेवंते, बस जरा. मी एक गोष्ट केलंय, ती तुका सांगूक इलंय."

गावकीचा एक पैसा होता. गावच्या पावणाईला चांदीची पालखी करायची म्हणून मुंबईतला प्रत्येक गाववाला महिन्याला पाच रुपये देई. अकरा वर्षं देत आले होते. पैसे बँकेत, पासबुक गुणाजीच्या ट्रंकेत. पण तो देवीचा पैसा. तिला विचारल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. विचारायचं म्हणजे गावी कळवायचं. मग गुरव देवीच्या पाषाणाला ओल्या कळ्या लावून गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची कळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही.

"मी इचारलंय, संपात खानावळीची बाकी भागवूक तुझ्या पैशातले काय उचलू काय? आज जबाब इलो. कौल डावो पडलो."

"मग झाला," शेवंती म्हणाली. तिला यातलं काही ठाऊकच नव्हतं. "तिच्या पालखीचे पैसे आमच्या पोटात कशाक?"

"झाला नाय. ऐक. देवी खोटा बोलणा नाय. मी अर्धा बोललंय." त्याने चष्मा काढला, दोरा सारखा केला, पुन्हा घातला. "खानावळीचा कळवलंय. पोरीच्या हाताचा कळवूक नाय. माका लाज वाटली. तुझी लाज झाकूक गेलंय आणि देवीपुढे अर्धाच गाऱ्हाणा घातलंय. खानावळीची बाकी तिका काय करूची? तिना नाय म्हटल्यान, बरोबर म्हटल्यान. आता सगळा घालूक व्हया."

"मग घाला. तुम्ही बघितलंत."

"मी हात बघितलंय. बाकीचा मी बघूक नाय. ह्या गाऱ्हाणा तुझा, शेवंते."

त्याने खिशातून निळं अंतर्देशीय पत्र काढून जमिनीवर ठेवलं. शेवंतीला लिहिता येत नव्हतं. कुशाबाला सहीपुरतं येत होतं. गुणाजीला चष्म्यातूनही ओळ सरळ दिसत नसे. दोघांना एकदमच कळलं की पत्र कोण लिहिणार, आणि दोघेही कोपऱ्याकडे बघायचं टाळत राहिले.

तुळसा उठली. वही बाजूला ठेवून तिने पत्र उचललं, पाटावर ठेवलं, आणि नेहमी गाववाल्यांची पत्रं लिहायला बसे तशी मांडी घालून बसली. हातावरचा पट्टा आता तपकिरी झाला होता, कडेने साल सुटत होतं.

"श्री पावणाई प्रसन्न," ती म्हणाली. "हे लिहिलं. पुढे?"

शेवंतीने पदर तोंडावर धरला, मग काढला.

"लिही. मी शेवंती. कुशाबाची बायको. मी माझ्या पोरीला मारते."

पत्रातली भाषा म्हणून ती शुद्ध बोलायला गेली होती. पत्रात असंच बोलायचं असतं. पेन कागदावर थांबलं. मग चाललं.

"पोरीचं नाव लिहू?"

"लिही."

तुळसाने आपलं नाव लिहिलं. पुढे "वय ९" लिहिलं. "कधी मारते, लिहायचं?"

"रोज, असं लिही."

तुळसाने विचार केला. "रोज नाही. रविवारी नाही मारलंस."

गुणाजी छताकडे बघू लागला. शेवंतीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग ती म्हणाली, "मग तसं लिही. रविवार सोडून."

"का मारते, ते?"

"का ते माका…" ती थांबली आणि पुन्हा पत्राच्या भाषेवर आली. "वाणी पिशवी रिकामी पाठवतो. ती घडी केलेली पिशवी बघितली की मला काही दिसत नाही. वाण्यावर हात उचलता येत नाही. पोर जवळ असते. पिशवी भरून आली त्या दिवशी मी मारलेलं नाही. हे खरं आहे. उलथण्याने भाजलं, ते पण मीच. आता तिला गिरगावात दुसऱ्याच्या घरी ठेवायला निघालेय. तिथेही मारतील, मला ठाऊक आहे. इथे ठेवायची मला माझीच भीती वाटते. झालं. एवढंच."

तुळसा लिहीत होती. ओळी सरळ होत्या. एका ठिकाणी तिने जीभ दातांत धरली होती. अवघड जागा आली की ती असंच करायची.

"माझं पण घाल."

तिघांनी वर पाहिलं. कुशाबा गॅलरीच्या दारात उभा होता, आत तोंड करून. किती वेळचा, कुणास ठाऊक. तो शेवंतीच्या ओठांकडे बघत होता.

"तिचा बाप तिथेच होता, असं लिही. त्याला ऐकू येत नाही, पण दिसतं, असं लिही. तो तोंड फिरवून उभा राहायचा."

एवढं बोलून तो खाली बसला, दारातच, उंबऱ्यावर. पावसाचे तुषार त्याच्या पाठीवर येत होते. गुणाजी म्हणाला, "आता पुरो झाला," आणि तुळसाने शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर घातली.

*

ते पत्र गुणाजीने टपालात टाकलं नाही. परळच्या डेपोतून संध्याकाळी गावची एस.टी. सुटायची, तिच्या कंडक्टरच्या हातात दिलं. शुक्रवारी पोचेल, शनिवारी कौल लागेल, रविवारची गाडी सोमवारी सकाळी जबाब घेऊन येईल. आणि सोमवारी सकाळीच मंजुळा येणार होती.

शेवंतीने शुक्रवारी तुळसाचे दोन फ्रॉक धुतले. पावसात वाळेनात म्हणून शनिवारी स्टोव्हवर धरून वाळवले. रविवारी बोचकं बांधलं. तुळसाने त्यात भूगोलाचं पुस्तक घातलं. दुपारी शेवंतीने ते काढून ठेवलं, संध्याकाळी परत घातलं. त्या तीन दिवसांत तिने पोरीला हात लावला नाही. ते काही शहाणपण नव्हतं. पोर आता पाहुणी झाली होती.

सोमवारी मंजुळा आठलाच दारात उभी राहिली. "चला, मला नऊच्या आत तिकडचं पहिलं घर गाठायचंय."

"तिचे केस विंचरते," शेवंती म्हणाली.

तिने तुळसाला पुढ्यात बसवलं आणि बारीक दातांची फणी घेतली. एक एक बट सोडवायची, मुळापासून टोकापर्यंत फणी न्यायची, फणी उजेडात धरून बघायची, पुसायची, पुन्हा लावायची. मंजुळा चौकटीला टेकली. मग बसली. "अगो, ऊ काढतेस का मोती ओवतेस?" शेवंतीने दुसरी बाजू घेतली. साडेआठ झाले. तिने एक वेणी घातली, तिला ती वाकडी वाटली, सोडली, पुन्हा घातली. तुळसाची मान तिच्या बोटांखाली ताठ होती. फणी टोचली तरी ती हलत नव्हती.

"शेवंती, मी निघते हां. मग मला बोल लावू नकोस."

"रिबीन रवली. एकच रिबीन."

जिन्यावर पावलं वाजली, एकाची नाही, बऱ्याच जणांची. आधी जयवंत आला, मागून बाकीचे, सगळ्यांत शेवटी कठड्याला धरून गुणाजी. तो धापा टाकत होता. त्याच्या हातात चिठ्ठी होती, पण तो बोलू शकत नव्हता, म्हणून त्याने फक्त उजवा हात वर केला.

"उजवी पडली," जयवंत म्हणाला. "गुरवाने लिहिलंय, गाऱ्हाणं संपायच्या आधीच पडली."

शेवंतीच्या हातात वेणीचं टोक तसंच राहिलं. तिने ते सोडलं नाही.

गुणाजीने श्वास सावरला आणि बसून सांगितलं. रविवारीच गावकी बसली होती, कौल उजवा पडला तर काय करायचं ते ठरवायला. गावकीतल्या ज्या घरात पोरं आहेत अशी सात घरं. गिरण्या सुरू होईपर्यंत प्रत्येक घराला महिन्याला पंच्याहत्तर रुपये, पहिल्या तारखेला, घरच्या बाईच्या हातात.

"पुरुषाच्या हातात का नको, म्हणून हरेश्वर भांडला," जयवंतने मध्येच घातलं. "मी म्हटलं, तुझ्या हातात दिले तर चतुर्थीला गावी जायचं तिकीट काढशील. गप्प बसला."

"आणि पालखी?" मागून हरेश्वर म्हणाला. तो वयस्क, आडमुठा, पण कौलाबाहेर जाणारा नव्हता. "अकरा वर्षं थांबली ती पालखी."

"मग आणखी थांबेल. देवीला कुठं पहिल्या पाळीला जायचंय?"

"आणि आमी जेवूक येतलो," गुणाजी म्हणाला. "चण्यांनी पोटात वारो धरता. त्या चण्यांचेच पैसे तुका देतलो, महिन्याला प्रत्येकी पंधरा-वीस, जसा जमतला तसा. वाण्याकडे आमच्यातलो एक जाईत, रोख घेवन. पोरीक थय धाडूची नाय. ह्या देवीचा नाय, ह्या माझा."

मंजुळा उठली होती. "मग त्या गिरगावच्या बाईला मी काय सांगू?"

"सांग, पळाली," जयवंत म्हणाला. "आधीची पळाली तशी."

दोघे-तिघे हसले. मंजुळा हसली नाही. ती पायरीवर जाऊन थांबली आणि मागे न बघता म्हणाली, "माझीही दोन आहेत, मामाकडे टाकलेली. आमच्या गावची काही गावकी नाही." मग ती उतरून गेली.

*

मारणं त्या सोमवारी थांबलं, असं नाही. श्रावणात शेवंतीने पोरीला दोनदा मारलं, भाद्रपदात एकदा. पण पहिल्या तारखेला पंच्याहत्तर रुपये हातात येत. त्यातले वाण्याचे ती वेगळे काढी, हरेश्वर नाहीतर जयवंत पिशवी घेऊन जाई आणि भरून आणी, आणि बारा वाजता माणसं जेवायला बसत. तो मधला तास, सकाळी अकरा ते बारा, ज्यात पोरीच्या पाठीवर सगळं निघायचं, तो तास हळूहळू इतर तासांसारखा झाला. त्यात कांदा चिरला जाई, तांदूळ निवडले जात.

गिरण्या काही धड सुरू झाल्या नाहीत. पुढच्या वर्षी एकेकीने दार थोडं उघडलं, पण कुशाबाला परत घेतलं नाही. तो दादरच्या बाजारातून पहाटे भाजी आणून परळला विकू लागला. गिऱ्हाइकाचे ओठ बघत भाव ठरवायचा आणि बहुतेक वेळा कमीच घ्यायचा. देवीचा पैसा चौदा महिने पुरला.

तेल सांडलं ते त्या पहिल्या वर्षी, मार्गशीर्षात. आठवड्याचं तेल बाटलीत होतं, वरच्या फळीवर. तुळसा पुस्तक काढायला स्टुलावर चढली आणि बाटली खाली आली. काचा मोरीपर्यंत गेल्या, तेल जमिनीवरून पाटाखाली सरकलं.

तुळसा स्टुलावरून उतरली नाही. डोळे मिटून, दोन्ही हात डोक्यावर घेऊन ती तिथेच उभी राहिली आणि थांबली.

शेवंतीला आपला हात खांद्यापर्यंत आलेला जाणवला. तो तिने तिथेच ठेवला, किती वेळ कुणास ठाऊक. मग पोत्याचं फडकं घेऊन ती खाली वाकली. काचा वेचल्या, राख टाकली, तेल टिपलं. हात साबणाने धुतले. डब्यातून पैसे घेतले, दुसरी बाटली घेतली, पिशवी घेतली.

"चल," ती म्हणाली. "तेल आणूया. येताना तांदूळपण."

दोघी जिना उतरल्या. रस्त्याला लागल्यावर शेवंतीच्या लक्षात आलं, पोर बरोबर चालत नाही. मागे आहे. शेवंतीने पाऊल हळू केलं, तुळसानेही हळू केलं. शेवंती थांबली, तीही थांबली. हात लांब केला तर पोचणार नाही, एवढं अंतर तिने बरोबर मोजून ठेवलं होतं. शेवंतीने हाक मारली नाही. दुकानात रोख पैसे दिले, तेल भरून घेतलं, तांदूळ घेतले. वाण्याने सुटे मोजताना तुळसाकडे बघून विचारलं, "आज आईबरोबर?" तुळसाने मान हलवली.

परत निघताना बाटली शेवंतीच्या उजव्या हातात होती आणि पिशवी डाव्या हातात. थोडं चालून गेल्यावर तिला बाजूला चपलांचा आवाज आला. तुळसा तिच्या शेजारी आली होती. तिने एकदा आईच्या उजव्या हाताकडे पाहिलं, एकदा डाव्या, आणि मग खालची सांडपाण्याची डबकी चुकवत बरोबरीने चालू लागली. शाळेत बाईंनी काय सांगितलं, ते सांगू लागली.

पिशवी जड होती. चाळीच्या दाराशी शेवंतीची बोटं वळायला लागली. तुळसा म्हणाली, "दे, मी घेते एक."

"असू दे," शेवंती म्हणाली, आणि दोन्ही हात भरलेलेच ठेवून ती पोरीबरोबर तीन मजले चढून गेली.